खोलीबरोबर मीही रवाना झाले

कुठं काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, खोल्या बनवायच्या कारखान्यात. "म्हणजे बांधकामावर?" "नाही, कारखान्यात." मग समोरची बाई माझ्याकडं अशी बघते की हिला बहुतेक बिस्किटांच्या कारखान्यात म्हणायचं असावं. मी पुढं काही बोलत नाही. समजावून सांगायला चार वाक्यं सलग बोलावी लागतात, आणि मला दुसऱ्या वाक्याला घशात कोरड पडते. चौथीत असताना बाईंनी कविता म्हणायला उभं केलं होतं तेव्हा मी बाकाखाली बसले होते. त्यानंतर शाळा सुटली, पण ती सवय सुटली नाही. लिहिताना मात्र समोर कोणी नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

शेंद्र्याकडं आमची मोठी शेड आहे. तिथं आधी लोखंडी चौकोनी पाइप कापून, एका पक्क्या साच्यात धरून, त्यांचा सांगाडा जोडतात. साचा असल्यामुळं प्रत्येक सांगाडा सारख्याच मापाचा निघतो. मग खाली जाड बोर्ड, त्यावर फरशीसारखं दिसणारं विनाइल. भिंतींच्या आत लोकर भरायची. ही लोकर मेंढीची नाही, दगड वितळवून त्याचे धागे काढतात. ऊन आणि आवाज दोन्ही ती अडवते, आणि भरणाऱ्या बाईला दिवसभर खाजवत ठेवते. वायरी आणि नळाचे पाइप भिंत बंद व्हायच्या आधी आत जातात. नंतर आतून बोर्ड, बाहेरून पांढरा पत्रा. दार, खिडक्या, पंखा, बेसिन सगळं शेडमध्येच बसतं. मोठी इमारत असली तर तिच्या खोल्या वेगवेगळ्या बनवतात. जी बाजू शेजारच्या खोलीला लागणार ती उघडीच ठेवतात आणि प्रवासापुरती तिच्यावर ताडपत्री ताणून लाकडी पट्ट्या ठोकतात.

इकडं खोली तयार होते, तिकडं जागेवर पाया तयार होतो. मग ट्रेलरवर खोली जाते, क्रेन तिला पायावर ठेवते, खोल्या एकमेकींना बोल्टनं आवळतात, सांध्यात सिलिकॉन भरतात. संपलं. माझ्या बहिणीचं घर पुंडलिकनगरला बांधलं तेव्हा नुसता स्लॅब वाळायची वाट बघण्यात सगळे वाळून गेले होते. आमच्याकडं तेवढ्यात दोन दवाखाने उभे राहतात.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एका साहेबांनी शेतावर राहायला खोली मागवली. खिडकी कुठं, आरसा कुठं, सगळं तीन तीनदा सांगितलं. खोली घेऊन आमची माणसं गेली तर शेताचं फाटक खोलीपेक्षा अरुंद! साहेब म्हणाले, "थोडी तिरपी करून न्या ना." फाटकाचे खांब पाडेपर्यंत खोली रस्त्यावर उभी होती आणि साहेब तिच्यात बसून चहा पीत होते. बायकोला म्हणाले म्हणे, रस्त्याकडेची जागा वाईट नाही.

लोकांना हसते, पण माझी गोष्ट त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

शेडमध्ये मी आधी लोकर भरायचे. नंतर मला सिलिकॉनची बंदूक दिली. सांध्यातून एका दमात बंदूक ओढायची आणि ओल्या बोटानं रेघ सारखी करायची. त्याला बोलावं लागत नाही, त्यामुळं माझा हात लवकर बसला. हळूहळू पॅकिंगही माझ्याकडं आलं, आणि शेवटचं एक काम आलं. खोली उचलण्याआधी आत जाऊन बघायचं. हातोडी, झाडू, कोणाचा डबा, काही राहिलं नाही ना. एकदा वायरमनची चप्पल बीडपर्यंत गेली होती, तेव्हापासून हा नियम. आत सगळं ठीक असलं की मी बाहेर येऊन दारावर खडूनं बरोबरची खूण करायची. माझी खूण दिसली की क्रेनवाला उचलतो, कोणाला विचारत नाही.

एका साली आमच्याकडं एका उपकेंद्राचं काम होतं. फुलंब्रीच्या पुढं, आडवाटेच्या एका गावासाठी आरोग्याच्या दोन खोल्या. त्या गावच्या सिस्टर, शोभाताई, स्वतः शेडमध्ये खोल्या बघायला आल्या. ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांचं जुनं केंद्र भिंतीला भेगा गेल्या म्हणून पाडलं होतं. तेव्हापासून त्या समाजमंदिरात बसत होत्या. तिथं लग्न निघालं की लसीची पेटी घेऊन ओट्यावर.

"तपासायच्या बाईला आडोसा नाही," त्या मला म्हणाल्या. "साडी धरून दोघी उभ्या राहतात, तेव्हा मी तपासते. आणि गाव म्हणतं, पत्र्याचा डबा नको. पक्कंच बांधून द्या. पक्कं कधी मिळेल हे कोणी सांगत नाही. खोल्या एकदा दारात आल्या आणि गावानं परत पाठवल्या, तर दुसऱ्या गावाला जातील. मग मी आहे आणि ओटा आहे."

मी मान हलवली. मान हलवणं मला छान जमतं.

"तुम्ही चला ना गावात," सिस्टर म्हणाल्या. "खोली आणायच्या दिवशी. साहेब लोक येऊन बोलून गेले, बायांनी नुसतं ऐकून घेतलं. तुम्ही हातानं केलीय. बाया बायांचं ऐकतात."

"मला नाय बोलता येत."

"आता बोलताय की."

"हे तुमच्याशी."

आमचे सुपरवायझर वाघमारे शेजारीच उभे होते. वयानं माझ्या पोरासारखे, मला मावशी म्हणतात. ते एकदम म्हणाले, "मावशी येणार! पहिली खोली जाईल त्या दिवशी तुमच्याच जीपमधी पाठवतो." माझ्या तोंडून नाही निघेपर्यंत सिस्टर गेल्यासुद्धा होत्या.

पुढचे काही दिवस माझी जेवणावरची वासना उडाली. भांडी घासता घासता मी भाषण करायचे. "बायांनो" इथपर्यंत यायचं. पुढं नुसता नळ वाहायचा.

तो दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन. सकाळीच मी पहिली खोली आतून बघितली, खूण केली, ताडपत्रीच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. एक खालचा कोपरा तेवढा राहिला होता. ट्रेलर दुपारनंतर येणार होता. फाटकाशी जीप थांबली. सिस्टर उतरल्या आणि तिथूनच हाक मारली, "ताई, झाली का तयारी?"

माझे पाय मला न विचारता उलटे वळले. ताडपत्रीचा तो मोकळा कोपरा समोर दिसला आणि मी त्यातून आत सरपटले. आतल्या संडासाचं दार लावून घेतलं. म्हटलं, ही खोली तपासून झालेली आहे. हिच्यात आता कोण बघणार? बघणारी तर मीच.

बाहेर वाघमारे साहेब मला शोधत होते. "मावशी! ओ मावशी!" कोणीतरी म्हणालं, डोकं दुखतंय म्हणत होत्या, घरी गेल्या असतील. सिस्टर थोडा वेळ थांबल्या. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन मिनिटं आणखी बसावं आणि निघावं, असा विचार केला.

त्या दोन मिनिटांत ट्रेलर लवकर आला. पॅकिंगच्या पोरीला एक कोपरा मोकळा दिसला आणि तिनं तो ठोकून टाकला. माझ्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळं पक्का ठोकला. मी संडासातून बाहेर येऊन ताडपत्री ढकलली तर ती हलेना. दाराला खूण करताना मीच बाहेरून कडी घातली होती, आणि खिडक्यांना गज. तेवढ्यात डोक्यावर साखळ्या वाजल्या.

मी ओरडले. खरंच ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे दुसऱ्या बाईचं कुजबुजणं. शेजारी ग्राइंडर चालू, भिंतीत लोकर ठासून भरलेली, आणि ती भरताना मी कुठं म्हणून पोकळी ठेवली नव्हती. आजवर कोणाच्या चांगल्या कामाचा मला एवढा राग आला नव्हता. मोबाइल लॉकरमध्ये, कारण शेडमध्ये न्यायला बंदी आहे. खोली एका बाजूनं उठली, मग दुसऱ्या. मी जमिनीला पालीसारखी चिकटले. हलले तर खोली झुलेल आणि खालच्या माणसांना लागेल, एवढंच डोक्यात होतं. मग खोली ट्रेलरवर टेकली आणि गाडी निघाली.

दारावर माझी बरोबरची खूण होती. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

पहिला काही वेळ मी रडले. मग पदरानं तोंड पुसलं आणि रस्ता ओळखायचा प्रयत्न केला. खिडक्यांवर निळा कागद चिकटवलेला, त्यातून नुसता उजेड येत होता. एका मोठ्या वळणाला मी मनाशी म्हटलं, ही छावणी आली. पुढच्या गतिरोधकाला म्हटलं, आता मिटमिटा आलं. नंतर कळलं, गाडी त्या बाजूला गेलीच नव्हती. हर्सूलवरून सरळ वर, फुलंब्रीकडं गेली होती. मग कोपऱ्यात पॅकिंगची गुंडाळी पडली होती तिच्यावर डोकं टेकलं. गाडी सावकाश चालली होती, खोली मऊ हलत होती. मला झोप लागली.

जाग आली ती गाडी थांबल्यामुळं. बाहेर बायांचा गलका चालला होता.

"आम्ही उठत नाय. आणा तुमची क्रेन, ठिवा आमच्या डोक्यावर!"

खोलीसाठी जो पाया बांधला होता त्याच्यावर गावातल्या बाया येऊन बसल्या होत्या. त्या उठल्याशिवाय खोली ठेवता येणार नव्हती. सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, आणि तो रडवेला झाला होता.

"अहो कडूबाई, एकदा आत येऊन बघा तरी."

"काय बघायचं? पत्रा हाय तो पत्रा. चुलीवरचा तवा. बाळंतीण भाजून निघंल. लेकरू वाफंवर शिजंल. न्या परत."

"परत नेली तर पुन्हा यायची नाही हो."

"नाय तर नाय."

ट्रेलरच्या ड्रायव्हरला, सलीमभाईंना, उन्हात उभं राहून कंटाळा आला असावा. ते म्हणाले, "अरे अम्मा, देख लो ना पहले. देखने में क्या जाता? मैं खोलता." त्यांनी पट्ट्या उपटून ताडपत्री वर केली.

आत मी उभी. केस विस्कटलेले, गालावर गुंडाळीच्या रेघा.

सलीमभाई एक पाऊल मागं सरले. "या अल्ला! मौसी, तुम अंदर कायकू बैठे?"

सगळ्या बाया माना उंचावून बघायला लागल्या. आणि मग कडूबाई, पायाच्या मधोमध बसलेली ती सुरकुतलेली म्हातारी, म्हणाली, "अगं बाय! डब्यात माणूस बी भरून पाठवत्यात का?"

जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. मला परत संडासात जाऊन कडी लावावी असं वाटत होतं. पण सिस्टर धावत आली, तिनं माझा हात धरून मला खाली उतरवलं. "ताई, तुम्ही? मला सांगितलं तुम्ही घरी गेलात!"

मी माझ्या पायांकडं बघत राहिले. "लपले होते," मी म्हणाले.

"कोणापासून?"

"तुमच्यापासून."

कडूबाई उठली. काठी टेकत जवळ आली. ती हसत नव्हती. "शहरातून हिच्यात बसून आली तू? ह्या उन्हात?"

मी मान हलवली.

"ताडपत्री लावलेली?"

मान.

"अन् दार? ते बी बंद?"

मान.

"तोंड हाय का नाय तुला? गरम व्हतं का नाय आत?"

सिस्टर माझ्याकडं बघत होती. माझ्यामागं मोकळी उघडी खोली, पुढं पायावर बसलेल्या सगळ्या बाया, आणि मला "बायांनो" एवढंच येत होतं. तेही निघालं नाही. निघालं ते भलतंच.

"मला झोप लागली होती."

"आँ?"

"झोप लागली. गाडी थांबली तवा उठले."

कडूबाईनं हात पुढं केला आणि सरळ माझ्या मानेवर ठेवला. मग पाठीवर फिरवला. ब्लाउज चाचपला. बाजारात पोतं बघावं तसं. बायांकडं वळून म्हणाली, "घामाचं डबकं नाय गं. कोरडं अंग हाय."

"घाम आला होता," मी म्हणाले. खोटं कशाला सांगा. "पण तो आधी. क्रेननं उचललं तवा. भीतीचा."

एक तरुण बाई म्हणाली, "वाऱ्यावादळात उडंल ना ही?"

"बोल्ट नीट आवळले तर नाय उडायची."

सिस्टर माझ्या कानाशी कळवळली, "ताई, 'तर' कशाला म्हणताय?"

"आवळले का ते बघावं लागतं ना," मी हळूच म्हणाले. पण त्या दिवशी माझं हळू बोलणंसुद्धा सगळ्यांना ऐकू जात होतं.

"गळंल का?"

"दोन खोल्यांच्या सांध्यात गळू शकतं. सिलिकॉन नीट भरलं नाय तर. आन् पावसाचा आवाज थोडा येईल पत्र्यावर. आमी लोकर भरलीय, पण येईल थोडा."

सिस्टरनं डोळे मिटून घेतले. आजवर गावात येऊन बोललेल्या सगळ्या साहेबांनी खोलीची नुसती तारीफ केली होती. मी पोहोचल्यापासून तीन दोष सांगितले होते, आणि मुळात मला चोरासारखं गाडीतून काढलं होतं.

 कडूबाईनं दोघी बायांना हाताशी धरलं. "चला गं. ए ड्रायव्हर, वर घे आमाला. अन् ते फडकं खाली सोड."

"अम्मा, अंदर?"

"मग काय भायेर बसून कळंल का?"

सलीमभाईंनी तिघींना चढवलं आणि ताडपत्री सोडली. दुपारचं ऊन नुसतं आग ओतत होतं. आम्ही सगळे ट्रेलरच्या सावलीत उभे राहिलो. सिस्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मी कोपऱ्यात उभं राहायला कोपरा शोधत होते, पण उघड्या माळावर कोपरा कुठून येणार?

तेवढ्यात सिस्टरच्या मोबाइलवर वाघमारे साहेबांचा फोन आला. सलीमभाईंनी त्यांना कळवलं होतं. सिस्टरनं फोन माझ्या कानाला लावला.

"मावशी, खोली पाठवताना आत बघितलं नव्हतं का?" ते ओरडत होते.

"बघितलं होतं साहेब. तवा मी नव्हते आत."

 मग ते म्हणाले, "लागलं नाही ना कुठं?" मी नाही म्हणाले. "उद्या बोलू," म्हणाले. उद्या खूप बोलले. तेव्हापासून नियम बदलला, आता खूण करायला दोन माणसं लागतात. नियमाला माझं नाव दिलेलं नाही एवढीच मेहरबानी.

आतून कडूबाईचा आवाज येईना. म्हातारीला काही झालं की काय, म्हणून सलीमभाई ताडपत्री उचलायला पुढं झाले. तोच ताडपत्री आतून बाजूला झाली. कडूबाई पाय सोडून कडेला बसली होती, पदर सारखा करत.

"काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

"काय व्हायचंय? ही बया म्हणती झोप लागली. आमाला बी लागली असती, पण ही सखू बडबड करती." मग तिनं पायावर बसलेल्यांना काठी दाखवली. "उठा गं. किती बसता दगडावर? ठिवू द्या त्यान्ला."

सिस्टर माझ्या गळ्यात पडली. मला त्यातनं सुटायलाही लाज वाटत होती, म्हणून तशीच उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात दुसरी खोली गेली. या वेळी मला सलीमभाईंच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवलं. वाघमारे साहेबांनी मी दार लावून घेतलेलं स्वतः बघितलं. दोन्ही खोल्या जोडल्या, बोल्ट आवळले, आणि ते आवळताना कडूबाई शेजारी उभी होती. प्रत्येकाला "झाला का?" विचारायची. सांध्यात मी सिलिकॉन भरलं. एवढ्या बाया मागं उभ्या असताना मी कधी रेघ ओढली नव्हती. पहिली वाकडी आली, पुसून परत ओढली.

आमची अवजारं भरायच्या आत सिस्टरनं कामाला सुरुवात केली. तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा टांगायला तिला छतात कडी हवी होती. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. ह्या असल्या छताला लेकरू टांगायचं? मी स्टुलावर चढले, बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत आतला लोखंडी पाइप शोधला. वायरमननं भोक पाडून कडी पक्की केली. तरी कोणी बाळ पुढं करेना.

मग मी काय केलं ते घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी कडीला दोन्ही हातांनी धरलं आणि स्टुलावरून पाय सोडले. लुगडं सावरू की कडी धरू, हे ठरेपर्यंत लोंबकळत राहिले. छत हललं नाही. बाया मात्र हसून हसून बेजार झाल्या. कडूबाई म्हणाली, "उतर गं, कळलं. फळ पिकलं का बघाया नाय आलो आमी."

तिनं नातसुनेच्या कडेवरचं पोर घेतलं आणि सिस्टरच्या हातात दिलं. सिस्टरनं त्याला झोळीत घातलं, झोळी काट्याला अडकवली आणि हात सोडले. पोर आधी दचकलं, मग हवेत पाय मारायला लागलं. झोळी डावीकडं गेली, उजवीकडं गेली.

सगळ्या बाया झोळीकडं बघत होत्या. कोणी म्हणाली बाळसं धरलंय, कोणी म्हणाली आईवर गेलंय. छताकडं, भिंतीकडं कोणाचं लक्ष नव्हतं. माझंच होतं तेवढं. कडीवरची नजर न काढता मी झोळीच्या बरोबर खाली, दोन्ही हात पसरून उभी होते.

"ताई," सिस्टर म्हणाली, "बाजूला सरका. काटा दिसंना."